गोंदियाचे दोष गोळा करायला गेले होते

आम्हा सांगलीकरांना गोंदिया हे नाव लहानपणापासून पाठ असतं, पण ते गाडीच्या पाटीवरचं. कोल्हापूरहून सुटलेली गाडी आमच्या स्टेशनात येते, डब्यावर 'गोंदिया' लिहिलेलं असतं, आपण आत बसतो आणि पुण्याला उतरतो. पुढे ती गाडी खरंच गोंदियाला जाते का, तिथं कुणी राहतं का, असला प्रश्न मला सत्तावन्न वर्षांत एकदाही पडला नव्हता. त्यातली तेहतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, हे आता सांगायला लाज वाटते.

मग आमचा एकुलता एक मुलगा अमोल, जो दहा वर्षं पुण्यात संगणकापुढे बसून असतो, त्यानं एक दिवस फोन करून सांगितलं की त्यानं लग्न ठरवलंय. मुलगी गोंदियाची. प्रणाली शहारे, दातांची डॉक्टर. मला आनंद झाला. घरातले साखरेचे दाणे मी यांच्या तोंडात घातले. तेवढ्यात फोनमधून पुढचं वाक्य आलं : "आई, लग्नानंतर मी गोंदियाला राहायला जाणार. तिचा दवाखाना तिथं चांगला चाललाय आणि माझं काम काय, कुठूनही होतं."

साखर तोंडातच राहिली.

नाही म्हणायला माझ्या हाताशी काहीच नव्हतं. दोन्ही घरं बौद्ध, दोन्हीकडे बोलणं 'जयभीम'नंच सुरू होतं. मुलगी शिकलेली, फोटोत हसरी, माणसं सरळ. उरलं गाव. म्हणून मी ठरवलं की आपण स्वतः जायचं, गोंदियाचे दोष गोळा करायचे आणि ते अमोलपुढे असे मांडायचे की तो आपणहून म्हणेल, "प्रणाली, पुण्यातही लोकांना दात असतात." त्यासाठी शंभर पानी वही घेतली आणि पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'आवडतं', उजवीकडे 'आवडत नाही'. दिवाळी झाल्यावर निघालो. अमोलला मुद्दामच बोलावलं नाही.

"तू मुलगी बघायला चाललीयेस की गाव?" यांनी विचारलं.

"गाव," म्हटलं. खोटं कशाला बोला.

कुडवा

गाडीत आम्ही एक रात्र आणि दीड दिवस होतो, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. स्टेशनबाहेर रिक्षा केली. शहारे कुटुंब कुडव्याला राहतं, गोंदियाला लागूनच. रिक्षावाला साधारण चाळिशीचा, गप्पिष्ट. मी बसल्या बसल्या वही काढून विचारलं, "काय हो, तुम्हाला तुमच्या गावातलं काय आवडत नाही?"

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. तो आरशात बघून म्हणाला, "मॅडम, लिहाच. गर्मी ऐसी के पूछो मत, मे महिन्यात डांबर चपलेले चिपकते. मच्छर तो मत पूछो. राइस मिलचा कोंडा उडून राहते, सीधा आंख में. रस्त्यावर गाई बसून राहतात, हॉर्न मारला तं आपल्याकडेच पाहतात. और यहाँ के लोग! कोनाच्या घरी काय शिजलं, पुऱ्या मोहल्ल्याले मालूम."

माझा हात दुखायला लागला. उजवा रकाना भरून पान उलटलं. हे शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, उद्याच्याच गाडीनं परत जाता येईल.

"जाना किसके यहाँ है?" त्यानं विचारलं.

"डॉक्टर शहारे. दातवाल्या."

रिक्षा एकदम हळू झाली. "लडकेवाले हो क्या?"

"हो."

त्यानं रिक्षा चक्क रस्त्याच्या कडेला थांबवली, मागं वळला आणि हात जोडले. "मॅडम, वो सब काट दो."

"का?"

"मी गंमत करून राहिलो होतो. गर्मी म्हनजे सूखी गर्मी, तब्येतीले एकदम चांगली. मच्छर आता कुठे राहिले? आन् लोक म्हनाल तं जान देतात एकमेकांसाठी. काटा ना जी. पोरीची सोयरीक आहे. माझ्या तोंडानं मोडली तं पाप कोनाले लागंल?"

मी काट मारल्याशिवाय तो रिक्षा सुरू करेना. शेवटी त्याच्यासमोर मी तिरपी रेघ ओढली. आधी वाटलं हा एकटाच असा भाविक असेल. पण नंतर कळलं की या भागातली ही रीतच आहे. मुलाकडचे पाहुणे गावात आले की सगळं गाव मुलीकडचं होतं. भांडण असलेला शेजारीसुद्धा त्या दोन दिवसांत तोंडातून वाकडा शब्द काढत नाही. आमच्याकडे मुलाकडचे चौकशीला आले की कोपऱ्यावरचा पानवालाच त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगतो. इथं पानवाल्यानं मला न मागता विडा दिला आणि म्हणाला, "डॉक्टरनीसारखी पोरगी बत्ती घेऊन शोधा."

शहारेंकडे दारातच प्रणालीची आई सुलोचनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, अगदी आमच्या घरात आहेत त्याच उंचीवर. प्रणालीचे वडील हिरामणजी एका भातगिरणीत मुकादम होते, दोन वर्षांपूर्वी घरी बसले. उंच, बारीक, कमी बोलणारे. जयभीम झालं, चहा झाला आणि तासाभरात जेवणाची पानं मांडली गेली.

जेवणाचा आमचा आणि त्यांचा क्रमच उलटा. आमच्याकडे भात शेवटी येतो, जेवण संपत आलं हे सांगायला. इथं भात म्हणजेच जेवण. मी पहिल्या वाढीला शहाण्यासारखी 'थोडाच' म्हणाले आणि पोळीची वाट बघत बसले. पोळी येईना. लाखोरीची डाळ आली, तळ्यातल्या मासोळीचा रस्सा आला, पुन्हा भात आला. हे मात्र कुणाची वाट न बघता तीन वेळा भात घेऊन मोकळे झाले. वर म्हणाले, "सुगंध बघ तांदळाला." मी वहीकडे बोट दाखवलं, तर डाव्या रकान्यात लिही म्हणाले. नवरा असा फितूर झाल्यावर बाईनं काय करावं!

संध्याकाळी प्रणालीच्या दवाखान्यात गेले. बाहेर बाकावर चारजण गाल धरून बसले होते. मला वाटलं, दुखणारा माणूस खरं बोलतो. एका बाईंच्या तोंडात कापूस होता, तरी त्यांनी मला पाहिल्या पाहिल्या कापूस गालात सरकवून सांगितलं की गोंदियासारखं पाणी जगात नाही. दुसऱ्या गृहस्थांनी सारस पक्ष्यांचं सांगितलं. ते जोडीनं राहतात आणि जोडीदार सोडत नाहीत. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे फार अर्थपूर्ण बघितलं. तिसऱ्याला मी विचारलंच नाही, तर तो रागावून स्वतःच बोलला.

शेवटचा पेशंट गेल्यावर प्रणालीनं हातमोजे काढले. "काकू, तुम्ही वहीत काय लिहून राहिल्या?"

खरं सांगून टाकलं. गावाचे दोष. ती रागावेल असं वाटलं होतं, ती हसली.

"मला विचारा ना. मला जे आवडत नाही ते एकच आहे. कोणीही दवाखान्यात येते, आ करते, आणि तोंडात आरसा असताना मला विचारते, लग्न कवा?"

"आणि आवडतं काय?"

तिनं काढलेले हातमोजे डब्यात टाकले. मग म्हणाली, "मी पाच वर्षं नागपूरला शिकली. तिथं कोणाचं तोंड उघडलं तर फक्त दात दिसायचे. इथं दाढ पाहिली की मला समजते, ही कोणाच्या घरची आहे."

हे वाक्य कुठल्या रकान्यात घालायचं ते मला समजेना. मी वही मिटली. मुलगी मला आवडली होती, आणि ती तितकी आवडायला नको होती.

तिरोड्यापलीकडे, मंडईला

दुसऱ्या दिवशी हिरामणजींच्या मूळ गावी मंडई होती. मंडई म्हणजे आमच्याकडची भाजीची मंडई नव्हे. दिवाळीनंतर या भागातल्या गावागावांत एकेक दिवस जत्रा भरते, ती मंडई. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि खाणंपिणं चालू असताना मुलंमुली एकमेकांना दाखवून होतात. म्हणजे मी नेमकी अशा दिवशी वही घेऊन गावात शिरले, ज्या दिवशी कुठलीही अनोळखी बाई मुलाची आईच समजली जाते. त्यातून मी खरोखरीच मुलाची आई होते.

तिरोड्याच्या अलीकडूनच वीज प्रकल्पाच्या उंच चिमण्या दिसायला लागतात आणि मग बराच वेळ त्या आपल्याबरोबरच चालतात. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे आमच्याकडची भाताची खाचरं, काही कापलेल्या, काही पिवळ्याधमक. गावात पाय ठेवला तेव्हा कर्णा सुरू होता, जिलेबी तळत होती, चौकात दंडार रंगली होती. घुंगरं बांधलेले बाप्ये आणि लुगडी नेसलेले बाप्ये मिळून नाचतात, गातात, आणि मधेच गावातल्या कुणाचीतरी नावानिशी फिरकी घेतात. फिरकी ज्याची घेतात तो सगळ्यांत मोठ्यानं हसतो. आमच्याकडे त्यानं समाजमाध्यमावर निषेध नोंदवला असता.

हिरामणजींची थोरली बहीण पारबताबाई या गावातच दिलेली. सत्तरीची, काटक, आवाज कर्ण्यापेक्षा किंचित मोठा. तिनं मला ताब्यातच घेतलं. तीन घरी तीन जेवणं झाली. पहिल्या, म्हणजे तिच्याच घरी वडे आणि मटण, दुसऱ्या घरी मटण आणि वडे. तिसऱ्या घरी मी हात जोडले, तर घरधनीण म्हणाली, "काऊन? आमच्या घरचं अन्न कडू हाय का?" खाल्लं. प्रत्येक घरी मी पाठ केल्यासारखी विचारत होते, तुमच्या गावात वाईट काय? आणि प्रत्येक घरी गाव स्वर्गाच्या दोन बोटं वर सरकत होतं. पाणी गोड, हवा गोड, माणसं तर विचारूच नका. या गावातली मुलगी सासरी कधी उलट बोलली नाही, असंही एकीनं सांगितलं. तिच्या मागं तिची मुलगी नवऱ्याला खडसावत होती, ते मला ऐकू येत होतं.

मग सारस. पारबताबाई म्हणाली, दाखवतोच. ऐन दुपारी गावातली तीन-चार माणसं बरोबर घेऊन आम्ही बांधावरून चालत निघालो. एका बांधीच्या कडेला चिखल ओला होता, माझा पाय घसरला आणि मी पोटरीपर्यंत आत गेले. चप्पल तिथंच राहिली. दोघांनी मिळून मला उपटलं, तिसऱ्यानं चप्पल उपटली. तळ्याच्या काठावर पोचलो तर बगळे होते, शिंगाडे काढणारे होते, सारस नव्हते.

"काल होते," पारबताबाई म्हणाली.

"परवा बी होते," दुसरा म्हणाला.

सारसांनीसुद्धा सोयरिकीच्या दिवशी गावाची लाज राखायला हवी होती, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शिंगाडे काढणाऱ्यानं नुकसानभरपाई म्हणून ओंजळभर ताजे शिंगाडे माझ्या पदरात टाकले. ते मात्र इतके गोड होते की मी परतीच्या वाटेवर कुणालाच दिले नाहीत.

पारबताबाईचं अंगण

अंगणात मंडप होता, सतरंज्या होत्या, वीसेक माणसं पोटावर हात ठेवून बसली होती. मी पाय धुऊन बसले. पारबताबाई मला म्हणत होती, "पोरगी सांगलीले येईल तं आमचं घर सुनं होईल जी. पर चांगल्या घरी जाऊन राहिली, याचाच आनंद."

तेवढ्यात आमचे हे, तीन घरच्या मटणानं सैल झालेले, म्हणाले, "अहो, ती कुठं येतेय सांगलीला? मुलगाच पुणं सोडून इथं राहायला यायचं म्हणतोय."

वीसही जणांचे पोटावरचे हात खाली आले. 

"इथं?" पारबताबाईनं विचारलं. "आमच्या इथं? राहाले?"

"कुडव्याला," हे म्हणाले.

"अरे बापा!" पारबताबाईनं कपाळावर हात मारला. "पोराचं डोस्कं ठिकानावर हाय ना? चांगलं पुनं सोडून इथं कायले मरते तो?"

आणि मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. सकाळपासून स्वर्गाच्या वर गेलेलं गाव पाच मिनिटांत पाताळात आलं. उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस वाळून जाते. मोठं दुखणं आलं तं नागपूर गाठेपर्यंत जीव राहते का नाही, भरवसा नाही. डास म्हणजे, रिक्षावाल्याचे डास परवडले. बांधीत साप, जंगलाच्या बाजूनं वाघ, शिकलेल्याला काम नाही. मघाशी पाणी गोड म्हणाली होती तीच बाई म्हणाली, "पान्याचं तं नावच नोका काढू." मुलगी द्यायची होती तोवर त्यांनी गावाची बाजू घेतली होती. आता कुणाचा तरी चांगला मुलगा फसतोय म्हटल्यावर ती साधी माणसं त्याला वाचवायला धावली होती. अमोलला त्यांनी पाहिलेलंही नव्हतं.

ज्यासाठी दीड दिवस रेल्वेत बसले होते ते माझ्यापुढं ढिगानं पडत होतं. मला वही काढायचं सुचेना. खरं सांगायचं तर मला राग यायला लागला. एकीनं 'इथं काय हाय, नुसता भात' म्हटल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "असं काय म्हणता? भात तर किती चांगला आहे! आणि तळ्यातले शिंगाडे?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

"ते खाऊन पोरं राहतात का?" पारबताबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता. "माझे दोन पुन्यात हायेत, एक सुरतले. मंडईले येतो म्हनले, नाई आले. तिघांचे वडे करून ठेवले सकाळी. तुमी खाल्ले ते त्याईचेच होते."

 मी आपला पदर सारखा केला.

हिरामणजी इतका वेळ खांबाला टेकून बसले होते. त्यांनी एक शब्दही काढला नव्हता, ना स्तुतीचा ना निंदेचा. जावई घराजवळ येऊन राहणार यात त्यांचा फायदा होता, आणि म्हणूनच बहुधा ते गप्प होते. आता ते सावकाश म्हणाले, "इहीनबाई, तुमी दोन दिवसापासून सगळ्याईले विचारून राहिल्या. तुमाले कोनी विचारलंच नाही. तुमच्या सांगलीत वाईट काय हाय?"

विचारलं तर सांगायला हवं. मी सुरू केलं. पूर येतो, तो सरळ स्वयंपाकघरात येतो. नदीत मगरी आहेत. उरलेल्या जागेत राजकारण आहे. हवा दमट, रस्ते खणलेले, आणि सगळ्यांना सगळं कळतं, पण विचारायला कुणी येत नाही. मी हसत हसत सांगत होते, तेही हसत होते. शेवटी मला काहीतरी गमतीचंच म्हणायचं होतं. पण तोंडून आलं, "आणि आमच्या गावात आमचा मुलगा राहत नाही."

बोलल्यावर मलाच ते ऐकू आलं. अमोलला गोंदिया माझ्यापासून नेणार म्हणून मी भांडायला आले होते. तो तर दहा वर्षांपूर्वीच गेला होता. मुलगा पुण्यात असतो, हे मी सगळ्या सांगलीला मिरवून सांगत होते, आणि दर दिवाळीला तो दोन दिवस येऊन गेला की चार दिवस मी त्याची खोली झाडत नव्हते. हे यांनाही ठाऊक होतं. आम्ही ते कधी बोललो नव्हतो. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि वीस अनोळखी माणसांसमोर ते आवरावंसं वाटलं नाही.

सुलोचनाबाई उठून माझ्याजवळ येऊन बसल्या. पारबताबाईनं नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मंग तो पुन्यात राहिला काय आन् कुडव्यात राहिला काय, तुमचं काय गेलं? इथं निदान जेवला का नाही, ते पाहाले आमी हाओ."

इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे हेच सांगायला लोकांनी चार महिने घेतले असते आणि तरी सांगितलं नसतं.

मी तिथूनच अमोलला फोन लावला. चौकात दंडारीला जोर चढलेला, कर्णा कानाशी. त्याला माझं ऐकू जाईना, मला त्याचं. "आई, कुठं आहेस? काय आवाज आहे?"

"मंडईत!"

"भाजी घेतेयस का? गोंदियाचं काय झालं? तुला पसंत नाही ना?"

मी 'जा' म्हणणार होते. जा बाबा, तुझं तू बघ, असं काहीतरी मोठ्या मनाचं मनात जुळवलं होतं. पण उभी तिथं होते, समोर ही सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी कर्ण्याच्या वर आवाज काढून ओरडले, "ये! अरे, ये म्हणते मी!"

अंगणातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. पारबताबाईनं कुणालातरी जिलेबी आणायला पिटाळलं. यांनी हिरामणजींना मिठी मारली, ते बिचारे तिच्यात अवघडून उभे राहिले.

 पलीकडून अमोल म्हणाला, "उद्याची गाडी मिळेल बहुतेक. आई, मी पोचेपर्यंत तू आहेस ना तिथं?"

सांगलीला येताना त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. तिथं मी असतेच.

"आहे," म्हटलं. "थांबते."